साडेसात एचपीची मालकी

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल या केळीच्या पट्ट्यात मार्च उजाडला की एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं: 'पाणी खाली गेलं.' चहाच्या टपरीवर, केळी भरणाऱ्या ट्रकजवळ, तालुक्याच्या बैठकीत. व्याकरणाने वाक्य बिनचूक आहे, पण ऐकताना वाटतं की पाणी आपल्या पायांनी चालत गेलं. उपसणारा कोणीच नाही. चर्चा थोडी लांबली की दुसरं वाक्य येतं: 'माणसाने निसर्गावर अत्याचार केला.' इथे कर्ता मिळाला खरा, पण तो इतका ऐसपैस की पंचवीस एकर केळीचा मालक, त्याच्याकडे आखाजीपासून सालाने राहिलेला सालदार आणि सातपुड्यातल्या पाड्यावरून घड वाहायला आलेली बाई, तिघंही एकाच मापाचे गुन्हेगार ठरतात.

पर्यावरणाकडे मूलगामी राजकीय विचारातून पाहणाऱ्यांचं पहिलं भांडण या दुसऱ्या वाक्याशी आहे. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला मरे बुकचिन (१९२१–२००६) ओतशाळेत आणि मोटार कारखान्यात काम केलेला माणूस. आधी मार्क्सवादी, मग अराज्यवादी. 'सामाजिक परिस्थितिकी' या नावाने त्याने मांडलेला मुद्दा असा: निसर्गावर सत्ता गाजवण्याची कल्पना माणसाने माणसावर सत्ता गाजवण्यातून आली. वडीलधाऱ्यांची तरुणांवर, पुरुषांची बायकांवर, मग वर्गाची वर्गावर आणि राज्ययंत्रणेची सगळ्यांवर, अशी उतरंड आधी रचली गेली, आणि त्याच उतरंडीत नदी, माती, जंगल सगळ्यात तळाशी जाऊन बसले. म्हणून 'लोकसंख्या वाढली, पाणी संपलं' या उत्तरावर त्याचा राग होता. कोणी किती वापरलं हा प्रश्नच त्या उत्तराने पुसला जातो.

हे तत्त्वज्ञान म्हणून ठीक आहे. खरं-खोटं कळतं ते आकडे मांडल्यावर. तर आकडे मांडू.

केळीची लागवड ५ बाय ५ फुटांवर. एकरी ४३,५६० चौरस फूट भागिले २५, म्हणजे १,७४२ खोडं. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) असो की कांदेबाग (पावसाळ्यानंतरची), भर उन्हाळ्यात मोठ्या खोडाला ठिबकने दिवसाला २० लिटर धरा. एकरी रोज सुमारे ३५ हजार लिटर. आता साडेसात एचपीची मोटार घ्या. पंप आणि मोटार मिळून निम्मी शक्ती कामाला येते असं धरलं, वीज रोज ८ तास धरली, आणि ठिबकच्या दाबासाठी लागणारे १०–१५ मीटर मिळवून एकूण उचल ३० मीटर असली, तर तासाला ३४ हजार लिटरच्या आसपास पाणी निघतं. दिवसाचे पावणेतीन लाख लिटर, म्हणजे जवळपास ८ एकर केळी. हीच एकूण उचल १०० मीटर झाली की तासाला जेमतेम १० हजार लिटर, दिवसाचे ८२ हजार, म्हणजे सव्वादोन-अडीच एकर. (पंप तोच चालत नाही, स्टेज, म्हणजे पाणी वर ढकलणाऱ्या चकत्या, वाढवाव्या लागतात, एचपी मात्र तेवढीच.) पाच एचपीवाल्याचं याच हिशेबाने ५ एकरांवरून दीड एकरावर येतं.

म्हणजे पातळी सगळ्यांची सारखीच उतरते, पण फटका सारखा बसत नाही. ज्याच्याकडे तीन कनेक्शन आहेत तो तिन्ही बोअरचं पाणी शेततळ्यात घेतो आणि बाग वाचवतो. तीन एकर, एक बोअर, पाच एचपी असलेला माणूस निम्मी बाग सोडतो, किंवा कर्ज काढून आणखी खोल जातो. आणि शेजारी खोल गेला की उथळ बोअर कोरडी पडण्यामागे साधं भौतिक कारण आहे: उपसा सुरू असलेल्या विहिरीभोवती पाण्याची पातळी नरसाळ्यासारखी खाली खेचली जाते. खोल आणि जोरकस उपशाचं नरसाळं रुंद होतं, आणि त्यात शेजारची बोअर सापडली की तिचं पाणी इकडे वळतं. बांध ओलांडून ऊस तोडून नेला तर पोलीस केस होते. बांधाखालून पाणी नेलं तर होत नाही.

होत नाही, कारण कायदाच तसा आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार ठरावीक प्रवाहात न वाहणारं, जमिनीखाली मुरलेलं पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा आणि वापरण्याचा हक्क जमीनमालकाला आहे. जमीन नाही त्याला हक्क नाही. जमीन आहे त्याच्या हक्काला मोटारीच्या ताकदीखेरीज वरची मर्यादा नाही. महाराष्ट्राने १९९३ साली पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला बंधन घातलं. २००९ च्या भूजल अधिनियमाने ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला 'खोल विहीर' ठरवून अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी ती घ्यायला मनाई केली. कागदावर हे चांगलंच आहे. पण तक्रार करायची कोणी? ज्याच्याकडे बोअर आहे त्याची स्वतःचीही ६० मीटरच्या खाली असते, आणि ज्याच्याकडे बोअर नाही तो उद्या त्याच शेतमालकाकडे कामाला जाणार असतो. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांचं वीजबिल सरकार भरतं. लहान शेतकऱ्याचा त्यात फायदा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण सवलत मोटारीला आहे, माणसाला नाही. सालदाराच्या घरात मोटार नसते.

मग ठिबक आलं ना, असं कोणीही म्हणेल, आणि खान्देशात तर ते म्हणायलाच हवं. ठिबकचं हे माहेरघर. खोडाला लागणारं पाणी ठिबकने खरंच कमी होतं. पण वाचलेलं पाणी जमिनीत राहत नाही, ते बांधापलीकडच्या कोरडवाहू तुकड्यावर जातं. पूर्वी पाटपाण्यावर चार एकर केळी होत होती, ठिबकवर सात एकर होते, उपसा तेवढाच. इंग्लंडमध्ये विल्यम जेव्हन्सने १८६५ साली कोळशाबद्दल हेच लिहून ठेवलं होतं: इंजिनं काटकसरी झाली की कोळसा जास्त जळतो. ठिबकमध्ये खोट नाही. एकूण उपशावर मर्यादा कोणी घालायची हे ठरलेलं नसेल, तर चांगलं यंत्रही असलेल्या उतरंडीचंच काम करतं.

पाण्यासारखीच गोष्ट मातीची. मार्क्सने १८६७ मध्ये भांडवलशाही शेतीबद्दल लिहिलं की ती मजुराला लुटते तशी मातीलाही लुटते. त्यामागे लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचा अभ्यास होता: धान्य शहरात जातं, त्यातलं नत्र, स्फुरद, पालाश गटारातून नदीला मिळतं, शेतात परत येत नाही. सावदा-रावेरहून उत्तरेला केळी भरून गाड्या निघतात तेव्हा नेमकं हेच घडत असतं. केळीला शिफारस खोडामागे २०० ग्रॅम पालाशची. एकराच्या १,७४२ खोडांना ३४८ किलो पालाश, म्हणजे ६० टक्क्यांच्या म्युरेट ऑफ पोटॅशच्या ५० किलोच्या जवळजवळ १२ गोण्या. भारतात खनिज पोटॅशचं व्यापारी उत्पादन नाही. कॅनडा, रशिया, बेलारूस, जॉर्डन अशा देशांतून ते बोटीने येतं. परदेशातल्या खाणीतून रावेरच्या काळ्या मातीत, तिथून घडात, घडातून दिल्लीच्या उकिरड्यावर: पालाशचा हा एकेरी प्रवास. घड कापल्यावर उरणाऱ्या खोडात भरपूर पालाश असतं. ते तुकडे करून जागीच कुजवलं तर पुढच्या बागेचा पोटॅश बराच वाचतो. तरीही खोडं बांधावर फेकलेली दिसतात. कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही: ठोक्याने घेतलेल्या रानात पुढच्या वर्षीची माती आपली नसते. वर्षाच्या करारावर कसणाऱ्याने तीन वर्षांनी उपयोगी पडणारा खर्च का करावा?

हे सगळं वाचून 'सामायिक गोष्टीची नासाडी होणारच' असं म्हणणारे भेटतात. १९६८ साली गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने हाच सिद्धान्त मांडला: सगळ्यांचं कुरण म्हणजे कोणाचंच नाही, जो तो एक जनावर वाढवणार, शेवटी कुरण उजाड. खान्देशच्या माणसाला हा सिद्धान्त पटायला नको, कारण पांझरेच्या काठी तीन-चारशे वर्षं फड, म्हणजे गावाने मिळून चालवलेलं सामायिक सिंचन, चालले.

फड पद्धत पांझरा, मोसम आणि आराम या नद्यांवर होती. काही ठिकाणी तिचे अवशेष अजून चालू आहेत. नदीत दगडी बंधारा. तिथून २ ते १२ किलोमीटरचा कालवा, कालव्यातून चाऱ्या, आणि जास्तीचं पाणी पुन्हा नदीकडे काढून देणारे सांडण. भिजणाऱ्या जमिनीचे साधारण चार फड, एकेक १० ते २०० हेक्टरांचा. एका फडात एका हंगामात एकच प्रकारचं पीक: एका फडात ऊस, दुसऱ्या-तिसऱ्यात भुसार, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड पडीक. कोणता फड भिजवायचा हे गाव बसून ठरवायचं. शेतकऱ्याने स्वतः पाणी फोडून घ्यायचं नाही. चारीवर पाटकरी, रानात बारेकरी, राखणीला जागल्या, वर हवालदार.

यातली मख्खी एकपीक फडात आहे. संपूर्ण फडात एकच पीक असल्याने सगळ्यांची पाळी एकाच वेळी येते. उसाच्या मधोमध कोणाचा गहू नसतो, त्यामुळे 'माझं पीक जळतंय, आधी मला दे' ही ओढाताण उरत नाही. बहुतेकांची जमीन एकापेक्षा जास्त फडांत विखुरलेली, म्हणून एक फड पडीक टाकायचा ठराव एकट्याच्या मुळावर येत नाही. पीक फिरत राहिल्याने जमीन चोपण (खारवट, निचरा न होणारी) होत नाही. आणि सांडण उघडा असल्याने पाणी साचत नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉमने १९९० मध्ये जगभरातल्या अशा व्यवस्था तपासून दाखवलं की हद्द स्पष्ट, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले आणि राखणदार त्यांनाच जबाबदार असला की सामायिक गोष्ट टिकते. २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल तिला मिळालं. पाटकऱ्याला कळत होतं तेच, पण सिद्ध करून दाखवावं लागतं.

फड का मोडले? हाव सुटली म्हणून, असं म्हणता येत नाही. १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्याने नदीच्या पाण्याचा धनी सरकार झालं. वर धरणं झाली की खालच्या बंधाऱ्याला पाणी कधी मिळणार ते गावाच्या हातात राहिलं नाही. दुसरीकडे विहीर आणि वीज आली. ज्याच्या फडातल्या तुकड्यात विहीर झाली त्याला पडीक फडाचा ठराव पाळायची गरज उरली नाही. एकदा अशी पाच-सहा माणसं बैठकीतून उठली की उरलेल्यांचा ठराव नुसता कागदाचा.

तरीही फडाचं फार गुणगान करणाऱ्यांपासून जपून राहावं. बुकचिनला लहान, समोरासमोर बसून निर्णय घेणाऱ्या वस्त्यांचा मोठा भरवसा होता. आपल्याकडे हे वाचताना ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी गावाबद्दल जे सुनावलं ते बाजूला ठेवता येत नाही: गाव म्हणजे संकुचितपणा आणि अज्ञान यांचा अड्डा. महाडचं चवदार तळंही 'सामायिक'च होतं, आणि १९२७ मध्ये त्याचं पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागला. फडाच्या बैठकीत बसायचे ते जमीनवाले. जागल्या राखण करायचा, पण पाण्यात त्याचा वाटा नव्हता. ज्या उतरंडीमुळे पाणी संपतं असं बुकचिन म्हणतो, ती गावाच्या आत, बंधाऱ्याच्या शेजारीच रचलेली होती.

यावरचं उत्तर बाहेरून आणायची गरज नाही. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात सुरू केलेल्या पाणी पंचायतीचे नियम पाहा. पाणी जमिनीला नाही, माणसाला: डोईमागे अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा. ऊस बंद. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जात नाही. मार्क्स-बुकचिनच्या शेकडो पानांइतकं मूलगामी राजकारण या चार नियमांत आहे, असं आमचं मत. केळीच्या पट्ट्यात हा प्रयोग का रुजला नाही हे कळायला पहिल्या नियमाशी थांबलं तरी पुरे.

कापसाकडे वळू, कारण तिथे दोष शेतकऱ्यावर टाकण्याची तऱ्हा फारच उघडी आहे. बीटी कापूस (बोंडअळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेला) २००२ मध्ये आला, दोन जनुकांचा २००६ मध्ये. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्र झोडपला. ठपका ठेवला गेला तो असा: शेतकऱ्यांनी 'रेफ्युजी' लावली नाही. ४५० ग्रॅम बीटीच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगरबीटी बी मिळायचं. ते कडेने पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यातलं जे जास्त असेल तेवढं लावायचं. तिथे बीटीला न सरावलेल्या अळ्या वाढतात, त्यांचे पतंग सरावलेल्या पतंगांशी संकर करतात, आणि प्रतिकार पसरायला वेळ लागतो. शास्त्र बरोबर आहे.

आता शेतात चला. चौकोनी एकराची बाजू २०९ फूट. ओळी ४ फुटांवर, म्हणजे पाच ओळींचा पट्टा २० फुटांचा, चारही बाजूंनी. आत उरतं १६९ बाय १६९. पट्ट्यात गेलेली जमीन सुमारे ३५ टक्के. सलग दहा एकर असतील तर बाजू ६६० फूट, पट्टा १२ टक्क्यांच्या आत, म्हणून नियमाप्रमाणे २० टक्के. एकरवाल्याने तिसरा हिस्सा अळीला द्यायचा, दहा एकरवाल्याने पाचवा, आणि फायदा मात्र अख्ख्या शिवाराला. हा नियम मोठ्या सलग शेतांच्या देशांतून आला आहे हे त्याच्या भूमितीतच दिसतं. शिवारासाठी मिळून एक बिगरबीटी पट्टा राखायचा आणि त्याची भरपाई सगळ्यांनी द्यायची, हा फडासारखा मार्ग शक्य होता. पण बी पाकिटातून, एकेकट्याला विकलं जात होतं.

फरदडीचंही (हंगाम संपल्यावरही कापूस रानात उभा ठेवण्याचंही) तसंच. डिसेंबरअखेर कापूस उपटा, पऱ्हाटी रानातून काढा, म्हणजे अळीचं चक्र तुटतं, हे सगळ्यांना पाठ आहे. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे), सलग तीन रात्री सापळ्यामागे ८ पतंग, किंवा फोडून पाहिलेल्या २० बोंडांत २ किडकी सापडली की फवारणी, हेही पाठ आहे. पण कृषी केंद्राची उधारी जूनपासून चढलेली असते. जानेवारीत आणखी एक-दोन वेचण्यांची आशा असेल तर उधारीवाला झाड उपटत नाही. ज्याच्याकडे पाणी आणि हरभऱ्याचं बियाणं तयार आहे तो उपटतो. अळी दोघांच्या शिवारात सारखीच फिरते.

केळी पट्ट्याचं पाणी मुळात सातपुड्याच्या पायथ्याशी मुरतं. डोंगरातून सुकी, मोर यांसारख्या नद्या खाली येतात तिथे दगडगोट्यांचा, भरड वाळूचा जाड थर आहे. त्यात पाणी झपाट्याने जिरतं आणि तापीकडच्या गाळात सरकतं. त्यामुळे वरचं जंगल कोणी तोडलं, हा प्रश्न खाली फार तावातावाने विचारला जातो, आणि उत्तर ठरलेलं असतं: अतिक्रमण करणारे आदिवासी. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये शेतकऱ्याची दैन्यावस्था मांडताना जंगलखात्याने डोंगर, पडीक जमिनी आणि गायरानं कशी गिळली ते लिहिलं होतं. १८७८ च्या कायद्याने राखीव जंगल झालं, आणि राखणारे लोक एका रात्रीत चोर ठरले. २००६ चा वनहक्क कायदा त्यावरचा उतारा आहे, त्यातही सामूहिक वनसंसाधनाचा दावा. पाड्याची ग्रामसभा १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडते, त्यात किमान एक तृतीयांश बायका. दावा 'क' नमुन्यात, किमान दोन प्रकारचे पुरावे जोडून; ठरावाच्या सभेला निम्मे सभासद आणि हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बायका. दावे फसतात ते बहुधा नकाशावर: शेजारच्या पाड्याच्या सह्यांशिवाय हद्द काढलेली असते, किंवा पडताळणीला बोलावलेला वनकर्मचारी येत नाही आणि ते पंचनाम्यात लिहायचं राहून जातं. नोटीस दिल्याची पोच जपून ठेवणं हा यातला सगळ्यात स्वस्त उपाय. हक्क मिळाल्यावर राखण कशी होते यासाठी साक्री तालुक्यातलं बारीपाडा आहे. चारशे हेक्टरांवर जंगल गावाने उभं केलं, आणि चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली.

अक्कलकुवा-धडगावचा हिशेब दोन ओळींत होतो. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं बुडीत क्षेत्रात गेली. नर्मदा लवादाच्या १९७९ च्या निवाड्याने राज्याला प्रकल्पाच्या विजेचा २७ टक्के वाटा दिला, आणि नर्मदेचं पाणी पाव दशलक्ष एकर-फूट. ज्यांची गावं गेली त्यांचा या दोन्हीत वेगळा वाटा नाही.

अटल भूजल योजनेत जळगाव जिल्हा होता आणि गावागावांत पाण्याचे ताळेबंद मांडले गेले. ते काम सोडून देऊ नये, पण करायचं तर नीट. शिवारातली प्रत्येक विहीर आणि बोअर: खोली, मोटार किती फुटांवर, एचपी, स्टेज, खाली भिजणारं क्षेत्र, पीक. पातळी ऑक्टोबरअखेर आणि मेअखेर, मोटार किमान १२ तास बंद ठेवून, वजन बांधलेल्या फितीने. मोटार नुकतीच बंद केलेली असेल तर नरसाळ्याच्या तळाचा आकडा मिळतो, पातळीचा नाही. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. दुसरी चूक मुद्दाम होते: ६० मीटरच्या भीतीने खोली कमी सांगतात. लावलेल्या पाइपांचे नग विचारले की खरा आकडा आपोआप निघतो. एकेका मालकाचा वर्षाचा उपसा तासांवरून काढून चावडीच्या भिंतीवर लिहिला की पहिला आक्षेप कोण घेतो ते पाहण्यासारखं असतं.

छापील तक्त्याचा पहिला रकाना गट क्रमांकाचा ठेवला की भूमिहीन घरं यादीत येतच नाहीत, आणि पातळी उतरली की हातपंपावरची रांग मात्र त्यांच्याच घरांसमोर लागते. पहिला रकाना कुटुंबाचा ठेवायचा, गट क्रमांक मागे सरकवायचा. ग्रामसभेच्या एका ठरावाने हे होतं. शासनाच्या नमुन्यात बसत नसेल तर त्यासाठी वेगळी वही घालावी लागते.